पाहुण्या मल्लाचं गाव कोणतं?

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे अध्यक्ष, सभासद आणि कुस्ती मैदानांचे संयोजक यांस,



यंदाच्या मैदानाची पत्रिका छापखान्यात जाण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं अशी इच्छा आहे. मागणं परदेशी मल्लांविषयी आहे. ते क्रीडा खात्याकडे किंवा कुठल्या फेडरेशनकडे न करता तुमच्याकडे करतो आहे, कारण आपल्या दोन जिल्ह्यांत कुस्ती कोणाची लावायची, कुणाशी लावायची, किती इनामाची लावायची आणि ती माणसांसमोर कशी मांडायची हे तुम्ही ठरवता. गावची वर्गणी तुमच्या हातात असते. मैदानातून उठून घरी जाणारा माणूस मनात काय घेऊन जातो, हेही बऱ्याच अंशी तुमच्याच हातात असतं.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या मोठ्या मैदानांत इराणचे मल्ल येऊ लागले. एक नंबरची, लाखांच्या इनामाची कुस्ती ‘भारत विरुद्ध इराण’ म्हणून लागते. त्या कुस्तीचं पोस्टर एकदा शांतपणे वाचून पाहा. आपल्या मल्लाच्या फोटोखाली त्याचं नाव, गाव, तालीम आणि वस्तादांचं नाव असतं. कुणाचा पठ्ठा, कुठल्या संकुलाचा, कुठला किताब मिळवलेला, सगळं असतं. पाहुण्याच्या फोटोखाली त्याचं पहिलं नाव आणि पुढे ‘इराण’ किंवा ‘इराणी’ एवढंच. गाव नाही, वस्ताद नाही, आजवर कुठं काय मिळवलं तेही बहुतेक वेळा नाही. हे आजचं नाही. आपल्या वडील-आजोबांच्या काळात पाकिस्तानातून येऊन कोल्हापूरच्या खासबागेत लढून गेलेले गोगा पंजाबी, सादिक पंजाबी जुन्या शौकिनांच्या तोंडी अजून आहेत. त्यांच्या कुस्त्यांतला डाव न् डाव सांगणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांचं गाव कोणतं, हे सांगणारा एकही भेटला नाही.

कुस्तीत ज्याचं गाव आणि वस्ताद माहीत नाही तो मल्ल अर्धाच ओळखीचा असतो. पंधरा वर्षांचं पोरगं लांग कसून हौद्यात उतरतं, तेव्हा निवेदक ‘अमुक गावचा, अमुक वस्तादांचा पठ्ठा’ असं म्हटल्याशिवाय कुस्ती लागत नाही. हरला तरी त्याच्यामागे एक घर आहे, एक तालीम आहे, त्याच्या खुराकासाठी म्हैस विकणारा बाप आहे, हे बघणाऱ्याला त्या एका वाक्यातून कळतं. परदेशातून आलेल्या मल्लाला आपण ही ओळख देत नाही. मग हौद्यात माणूस उतरतच नाही, देश उतरतो. हलगी कडाडते, निवेदकाचा आवाज चढतो, आणि ज्या माणसाने आपलं काहीही वाईट केलेलं नाही त्याच्याविरुद्ध आपली तरुण पोरं सीमेवरच्या लढाईतल्या घोषणा देऊ लागतात. पाहुणा चितपट झाला की जल्लोष होतो. तो जिंकला तर कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, होती की काय, अशी कुजबुज सुरू होते. रात्री त्याला गाडीत बसवून दिलं जातं. त्याच्याशी चार शब्द बोललेला माणूस गावात शोधून सापडत नाही.

मी कराडकडचा. त्यामुळे या विषयावर बोलताना खाशाबा जाधवांचं नाव आधी येणारच. त्यांचं गोळेश्वर कराडला लागूनच आहे. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडा दिन आहे, आणि त्या दिवशी शाळाशाळांतून त्यांची गोष्ट सांगितली जाते. १९४८ साली कोल्हापूरच्या छत्रपतींच्या मदतीने ते लंडन ऑलिम्पिकला गेले. मातीवर वाढलेला हा मल्ल तिथं मॅटवर लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. त्याआधी त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने शिकवलं होतं. गोळेश्वरच्या पोराला मॅटवरची कुस्ती समजावून सांगणारा माणूस अमेरिकेचा होता, ही गोष्ट आपण सांगताना गाळतो. ती गाळू नये.

१९५२च्या हेलसिंकीची कथा तुम्हाला पाठ आहे. सरकारी दारात पैसे मिळाले नाहीत. गावकऱ्यांनी, कराडच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझपदक घेऊन परतले, कराड स्टेशनापासून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पुढे कुस्त्या करून त्यांनी प्राचार्यांचं घर सोडवलं. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं. पण त्या हेलसिंकीच्या हॉलमध्ये खाशाबा कुणाकुणाशी लढले, हे आपण सहसा सांगत नाही. त्यांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. हरले ते जपानच्या शोहाची इशीशी आणि सोव्हिएत युनियनच्या रशीद मम्मदबेयोव्हशी. महायुद्ध संपून तेव्हा सातच वर्षं झाली होती. १९४८च्या लंडनला जर्मनी आणि जपान यांना बोलावणंच गेलं नव्हतं. सोव्हिएत युनियन तर ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच उतरत होता. ज्या देशांनी एकमेकांची शहरं जाळली होती ते सात वर्षांनी एका मॅटवर एकमेकांच्या हातात हात देत होते, आणि त्यांच्यामध्ये आपला गोळेश्वरचा माणूस होता. इशीने त्या गटाचं सुवर्ण जिंकलं. त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण.

इशीशी झालेली दमछाक करणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना मम्मदबेयोव्हसमोर उभं करण्यात आलं. मध्ये विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांच्या बाजूने पंचांशी बोलेल असा एकही भारतीय अधिकारी तिथं हजर नव्हता. हा भाग वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. आपला माणूस परमुलखात एकटा होता, त्याचं म्हणणं मांडायला कुणी नव्हतं. त्याच्या नावापुढे फक्त ‘इंडिया’ लिहिलेलं होतं. आज आपल्या हौद्याशेजारी, डोक्यावरून टॉवेल घेऊन एका कोपऱ्यात बसलेला इराणी मल्ल नेमक्या त्याच जागी आहे. खाशाबांचं नाव घेणाऱ्या मुलखाने त्याला तसं बसू देऊ नये.

खेळामुळे आपोआप मैत्री होते, असं मला म्हणायचं नाही. तसं होत नाही याचा अनुभवही आपल्याच मातीतल्या दोन मल्लांनी घेतला आहे. १९६२ साली जाकार्ताला आशियाई खेळ झाले. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने, दोघांनीही तिथं सुवर्णपदक मिळवलं. आंदळकरांचं ग्रीको-रोमनमध्ये, माने यांचं फ्रीस्टाइलमध्ये, शिवाय प्रत्येकी एक रौप्य. सांगली जिल्ह्यातल्या दोन गावांनी त्या एका स्पर्धेत चार पदकं आणली! पण त्याच खेळांत यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. आशियाई क्रीडा महासंघातले भारताचे प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्याचा राग भारतावर निघाला, आणि जाकार्तातल्या भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, फुटबॉलच्या अंतिम सामन्यात आपला संघ दक्षिण कोरियाविरुद्ध उतरला तेव्हा प्रेक्षकांनी भरलेलं स्टेडियम आपल्या खेळाडूंच्या विरोधात गर्जत होतं. आपण तो सामना २-१ने जिंकलो. त्या गदारोळात भारतासाठी टाळ्या वाजवणारे होते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू, असं सांगितलं जातं. ते खेळाडू त्या दिवसांत आपल्या खेळाडूंबरोबर एकाच ठिकाणी वावरत असणार, एकमेकांना नावाने ओळखत असणार. स्टेडियममधल्या हजारो प्रेक्षकांपुढे मात्र ‘इंडिया’ हे एकच नाव होतं.

म्हणून मला वाटतं की फरक तालमीत पडतो, मैदानात तो फक्त दिसतो. ज्याच्याबरोबर चार दिवस एका मातीत जोर-बैठका मारल्या, एका पातेल्यातली थंडाई प्यायली, त्याच्याविरुद्ध घोषणा देता येत नाही. लढत मात्र पूर्ण ताकदीने होते. आपल्याकडे एकाच तालमीतली दोन पोरं वर्षभर एकत्र मेहनत करतात आणि यात्रेत समोरासमोर आली तर एकमेकांना तसूभर सोडत नाहीत, हे तुम्ही कितीदा पाहिलं असेल. नेपाळचा देवा थापा आठवा. तो आपल्या मैदानांत पुनःपुन्हा आला, लोकांना त्याचे डाव आणि त्याच्या लकबी पाठ झाल्या, आणि आता तो आला की पोरं त्याच्याभोवती गोळा होतात. तो वारंवार येत राहिला म्हणून तो आपला झाला. त्यासाठी कुणाला ठराव करावा लागला नाही.

देशादेशांमधली दारं बंद झाल्यावरही कुस्तीने ती किलकिली केल्याचं जगाने पाहिलं आहे. १९७९च्या क्रांतीनंतर अमेरिका आणि इराण यांचं बोलणं बंद झालं. फेब्रुवारी १९९८मध्ये तेहरानला तख्ती चषकाची कुस्ती स्पर्धा झाली, तिच्यासाठी अमेरिकन मल्ल इराणला गेले. क्रांतीनंतर तिकडे गेलेला तो पहिला अमेरिकन क्रीडासंघ होता, आणि तेहरानच्या प्रेक्षकांनी त्यांचं टाळ्यांनी स्वागत केलं. २०१३च्या फेब्रुवारीत ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारिणीने कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हा अमेरिका, इराण आणि रशिया यांचे मल्ल एकत्र आले. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनात तिन्ही देशांच्या मल्लांच्या कुस्त्या झाल्या. सप्टेंबरात कुस्ती ऑलिम्पिकमध्ये परत आली. अमेरिका आणि इराण यांची सरकारं तेव्हा एकमेकांशी धड बोलत नव्हती.

ज्यांच्या नावाचा तो चषक होता ते गुलामरझा तख्ती म्हणजे इराणचे खाशाबाच म्हणा, किंबहुना तिकडे त्यांचं नाव त्याहून मोठं आहे. १९५२च्या हेलसिंकीत तख्तींनी रौप्यपदक मिळवलं. म्हणजे गोळेश्वरचे खाशाबा आणि तेहरानचे तख्ती एकाच ऑलिम्पिकच्या कुस्तीत उतरले होते. तख्तींची एक गोष्ट इराणच्या पोराटोरांना ठाऊक असते. सोव्हिएत मल्ल अलेक्सांदर मेदवेदशी लढताना त्याच्या एका पायाला दुखापत आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि साऱ्या कुस्तीत त्यांनी त्या पायाला हात घातला नाही, असं तिकडे सांगतात. ही गोष्ट आपल्या एखाद्या वस्तादाच्या तोंडी आली असती तर कुणालाही परकी वाटली नसती. इराणच्या जुन्या व्यायामशाळेत, जुरखान्यात, जमिनीपेक्षा खोल खणलेला हौद असतो, लाकडी मुद्गल फिरवतात, आणि एक माणूस वर बसून ढोल वाजवत मेहनतीला ताल देतो. आपली हलगी ऐकून त्या पाहुण्याला काय वाटत असेल, हे त्याला कुणी विचारलं आहे का? आपल्या आखाड्याच्या मातीत हळद घालतात. सांगलीची पेठ देशातली हळदीची मोठी पेठ, आणि इराण भारतातून भरपूर हळद नेतो. आखाड्यातली हळद त्याला परकी नाही. त्याच्याशी बोलण्यासारखं बरंच काही आपल्याकडे आहे. आणि त्याच्याकडूनही ऐकण्यासारखं आहे. निर्बंधांत महागाई कशी वाढली, २०२५च्या जूनमध्ये बाँब पडत होते तेव्हा त्याची तालीम बंद होती का, घरचे कुठे होते. आपल्या पोरांनी हे टीव्हीवरच्या नकाशावर पाहिलं. समोर उभ्या असलेल्या मल्लाच्या तोंडून ते ऐकणं वेगळं आहे.

तुमच्यातल्या काहींच्या मनात आता पाकिस्तानचा विषय आला असेल. २०२५च्या क्रिकेटच्या आशिया चषकात आणि नंतर महिलांच्या विश्वचषकात पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवायचा नाही, असं आपल्या संघांनी ठरवलं. सांगलीची स्मृती मानधना त्या महिला संघाची उपकर्णधार होती. पहलगामच्या हल्ल्यात ज्यांची माणसं मारली गेली त्यांचं दुःख मोठं आहे, आणि कुणाशी खेळायचं हा निर्णय देशाचा आहे. त्यात मी पडत नाही. साताऱ्यात बसून तर त्याविषयी हलकं बोलताच येत नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, आणि आजही तिथं घराघरांत फौजी आहे. युद्धाची किंमत ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या मोजली, त्याला शांततेचं महत्त्व दुसऱ्या कुणी शिकवायला नको. मी म्हणतो ते एवढंच, की ज्यांच्याशी आपलं काही वैर नाही त्या देशांच्या मल्लांनाही आपण शत्रूच्या जागी उभं करतो आहोत. कुस्तीत सलामी झाल्याशिवाय हात लागत नाही. मातीवर एकमेकांना माती लावून हात मिळवायचा, हा आपलाच रिवाज आहे. तो पाहुण्याबाबत मनापासून पाळावा.

आणि शांतता म्हणजे फक्त दूरच्या देशांशी नव्हे. २००९ साली गणेशोत्सवात मिरजेत हिंदू-मुसलमानांत दंगल झाली, २०२३च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत तेच झालं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. ते आठवताना मला आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं बोरामणी आठवतं. तिथल्या शेखांच्या एका घरात तीन महाराष्ट्र केसरी झाले. इस्माईल शेख १९८०चे, अप्पालाल १९९२चे, मुन्नालाल २००२चे. आपल्या बापजाद्यांनी या मल्लांना खांद्यावर घेतलं. ते बोरामणीचे, अमुक वस्तादांचे पठ्ठे म्हणून ओळखले गेले, आणि त्यांच्या इनामासाठी गावागावांनी वर्गणी दिली. गाव आणि वस्ताद विचारण्याच्या रिवाजाने हे घडवलं. मैदानात येणाऱ्या माणसाला आधी त्याच्या कुस्तीने ओळखायचं, ही सवय ज्या गावात टिकते त्या गावाला अफवेच्या रात्री तिचा आधार होतो, असा माझा विश्वास आहे. तो आधार आपोआप टिकत नाही. गावात तालीम चालू असेल, तिथं सगळ्या आळ्यांतली पोरं येत असतील, तरच टिकतो. कित्येक गावांत तालमीची इमारत आहे आणि आत मातीला वर्षभर फावडं लागलेलं नाही. तिथं परदेशी मल्ल बोलावण्याआधी माती खणा.

आता मागणं.

परदेशी मल्ल बोलवायचा असेल तर कुस्तीच्या दिवशी दुपारी न आणता आठ दिवस आधी बोलवा, आणि हॉटेलऐवजी गावच्या किंवा जवळच्या चालू तालमीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ त्याने आपल्या पोरांबरोबर मेहनत करावी. इराणी मल्ल मॅटवर तयार झालेले असतात, पायांत शिरण्याची त्यांची चपळाई आपल्या पोरांना शिकता येईल. आपली ढाक, आपला घिस्सा तो शिकेल. खाशाबांना जे एका अमेरिकन माणसाकडून मिळालं ते आपल्या पोरांना आठ दिवसांत थोडं तरी मिळू द्या. एक दुपार त्याला गावच्या हायस्कुलात न्या. मुलं काय विचारतील ते विचारू द्या. फारसी बोलणारा माणूस हवा. पुण्यात शिकायला आलेले इराणी विद्यार्थी आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याला जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन देऊन बोलवा. तो दुभाषी कुस्तीच्या दिवशी हौद्याशेजारीही हवा, म्हणजे पंचांचा निर्णय पाहुण्याला कळेल आणि त्याची तक्रार पंचांना कळेल. परदेशी पाहुणा मुक्कामाला असेल तर चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे त्याची रीतसर नोंद करावी लागते, व्हिसा त्या कामाचा असावा लागतो. हे आधी करून घ्या, म्हणजे ऐनवेळी त्याचीही फजिती नको आणि तुमचीही. पैशाचं म्हणाल, तर एका मोठ्या कुस्तीच्या इनामाला आणि फ्लेक्सला जे लागतं त्याच्या मानाने आठ दिवसांचा खुराक आणि दुभाष्याचं मानधन थोडंच आहे.

नुरा कुस्तीचा संशयही यातूनच जाईल. आठ दिवस तालमीत सगळ्यांसमोर मेहनत केलेल्या मल्लाची ताकद किती हे गावाने पाहिलेलं असतं. मग त्याची हार-जीत कुणाला सौदा वाटत नाही.

दुसरं मागणं मुलींसाठी आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३मध्ये सांगलीत झाली आणि तुंगच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्याच सांगलीच्या आसपासच्या कित्येक मैदानांत मुलींची कुस्ती भर उन्हात, माणसं जमायच्या आत, शंभर-दोनशे रुपयांवर उरकली जाते. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. १९८४च्या पी. टी. उषांनंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. दुष्काळी माणदेशातून ती तिथवर गेली आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाली. म्हसवडला माणदेशी फाउंडेशन खेळातून मुलींना घराबाहेर आणण्याचं काम करतं, ते एकदा जाऊन पाहा. मग आपल्या पत्रिकेत मुलींची एक तरी कुस्ती संध्याकाळी, गर्दीत, मुलांइतक्याच इनामाची लावा. आणि परदेशातून मल्ल बोलवायचेच असतील, तर नेपाळच्या किंवा श्रीलंकेच्या एखाद्या मुलीलाही बोलवा.

तिसरं, दरवर्षीच्या वर्गणीतून थोडा भाग वेगळा काढून पाच-सात गावांनी मिळून एक मुलगा आणि एक मुलगी सरावासाठी परदेशी पाठवावीत. पदकाची अट घालू नका. ती दोघं तिथल्या तालमीत राहून आली आणि परत येऊन शाळेत बोलली तरी वर्गणी फिटली. १९५२ला कराडच्या माणसांनी एका माणसासाठी जे केलं ते तेव्हाच्या गरिबीत केलं होतं. आज एकेका यात्रेचा हिशोब लाखांत जातो.

संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साली ६ एप्रिल हा दिवस विकास आणि शांततेसाठीच्या खेळाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून ठरवला. १८९६ साली याच तारखेला अथेन्समध्ये आधुनिक ऑलिम्पिक सुरू झालं होतं. या दिवशी मोठ्या शहरांत भाषणं होतात. आपल्याकडे त्याच सुमारास चैत्रातल्या यात्रा असतात, हौदे भरलेले असतात, आणि परदेशी पाहुणा प्रत्यक्ष आपल्या गावात असतो. त्या दिवसासाठी वेगळा समारंभ नको. त्या आठवड्यातलं एखादं मैदान वर सांगितल्या रीतीने भरलं तर पुरे.

हे सगळं यंदाच जमेल असं नाही, हे मलाही कळतं. कमिटीत मतं अनेक असतात, एजंटाशी बोलणी आधीच झालेली असतात. पण एक गोष्ट यंदाच होऊ शकते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पत्रिका आणि पोस्टर छापायला देण्याआधी पाहुण्या मल्लाला किंवा त्याला आणणाऱ्याला फोन करा. त्याचं पूर्ण नाव, गाव, तालीम आणि वस्तादांचं नाव लिहून घ्या. ते आपल्या मल्लाच्या मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. निवेदकाला तो कागद मैदानाच्या आदल्या रात्री द्या आणि ती नावं दोन-तीनदा म्हणवून घ्या, म्हणजे हौद्यात चुकणार नाहीत. ‘भारत विरुद्ध इराण’ ही ओळ काढून टाका आणि तिथं दोन गावांची नावं घाला.

ज्या कमिट्या हे करतील त्यांनी आपली पत्रिका शेजारच्या गावच्या कमिटीलाही पाठवावी, ही विनंती.

आपला,
कृष्णाकाठचा एक कुस्तीशौकीन